गोळी देणारा हात

आजारांचे दोन प्रकार आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वैद्यकशास्त्र न शिकताही ठाऊक असतात. एक आजार पाहुण्यासारखा येतो, चार दिवस घर हलवून सोडतो आणि निघून जातो. दुसरा मुक्कामालाच येतो. पहिल्यासाठी धावपळ लागते, दुसऱ्यासाठी सोबत लागते. आपली रुग्णालये आणि आजाराविषयीची आपली भाषासुद्धा बहुतांशी पहिल्या प्रकारासाठी घडलेली आहे. 'गुण आला का?', 'डॉक्टरांनी घरी कधी सोडले?' हे आपले नेहमीचे प्रश्न संपणाऱ्या आजाराचे प्रश्न आहेत. जो आजार संपत नाही आणि औषध चालू असेपर्यंत माणसाला मारतही नाही, त्याच्याविषयी काय विचारावे हे आपल्याला अजून नीट सुचत नाही.

एचआयव्हीची बाधा हा आता असा मुक्कामाचा आजार झाला आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे बाधितांना विषाणूरोधक औषधे देणाऱ्या केंद्रात, मी २००७ पासून चौदा वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे. रुग्णांच्या दुःखाच्या कहाण्या मात्र मी येथे सांगणार नाही. त्या त्यांच्या आहेत आणि मला त्या विश्वासाने सांगितल्या गेल्या होत्या. ज्या मोजक्या व्यक्ती येथे येतील त्यांची ओळख पटणार नाही याची काळजी मी घेतली आहे. मला तुमच्याशी बोलायचे आहे ते गोळी आणि रुग्ण यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांविषयी. ती कोण असतात, किती असतात आणि का निघून जातात, हा या लेखाचा विषय आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. १९८१ साली अमेरिकेत या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यामागचा विषाणू वेगळा करण्यात आला. तो भारतात पोहोचल्याचे १९८६ मध्ये चेन्नईत सिद्ध झाले. ते संशोधन ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले त्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे चेन्नईतील एका मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांतून ही गोष्ट उघड झाली. पुढची दहा वर्षे डॉक्टरांच्या हाती निदान होते, उपाय जवळजवळ नव्हता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिली असता विषाणू दबून राहतो हे स्पष्ट झाले आणि श्रीमंत देशांत मरणाची वाट पाहणारी माणसे अंथरुणातून उठून कामावर जाऊ लागली. गरीब देशांत तसे घडले नाही, कारण एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला तीन औषधांचा संच वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. दिवसाला एका डॉलरहूनही कमी! १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली आणि त्यांपैकी एका केंद्रात मी रुजू झाले.

गोळी स्वस्त झाली, मोफत झाली, जिल्ह्याच्या गावी आली. मग अवघड असे उरले काय? या प्रश्नाचे उत्तर केंद्रातल्या पहिल्याच वर्षात माझ्यापुढे उलगडत गेले.

एआरटी केंद्र म्हणजे बहुधा जुन्या इमारतीच्या टोकाच्या दोन-तीन खोल्या. तेथे वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका असते, औषधे देणारा औषधनिर्माता, रक्त तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नोंदी ठेवणारा कर्मचारी आणि एक-दोन समुपदेशक असतात. आणखी एक पद असते ते काळजी समन्वयकाचे. त्या पदावर शक्यतो स्वतः एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती नेमतात. रुग्णाची एक पांढरी पत्रिका केंद्रात राहते आणि एक हिरवी पुस्तिका त्याच्याजवळ राहते. तो दर महिन्याला येतो, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवतो, वजन करतो, डॉक्टरांना भेटतो आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन जातो. कागदावर हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्या अर्ध्या तासावर माणसाचे उरलेले आयुष्य तोललेले असते, हे कागदावर दिसत नाही.

असे का, ते समजून घ्यायला हवे. या औषधांनी विषाणू मरत नाही, दबून राहतो. गोळ्या चुकू लागल्या की तो पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला न जुमानणारे त्याचे रूप रक्तात वाढू लागते. मग पहिली औषधे निरुपयोगी होतात आणि दुसऱ्या फळीची, अधिक महाग औषधे सुरू करावी लागतात. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव तरी गोळ्या वेळेवर पोटात गेल्या पाहिजेत, असे आम्हांला शिकवले गेले होते. आता एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. त्या काळी बहुतेकांना दर बारा तासांनी एक, अशा दोन गोळ्या घ्याव्या लागत. बारा तास म्हणजे किती, हे घड्याळ नसलेल्या घरात कसे सांगायचे?

आमच्याकडे एक आजी आपल्या नातवाला घेऊन येत असे. मुलाचे आईवडील दोघेही गेलेले. आजीला घड्याळ कळत नव्हते आणि ते न कळण्याची तिला लाज वाटत होती. तिच्याशी बोलताना कळले की दारात एक म्हैस आहे आणि दूध ती गावच्या डेअरीला घालते. डेअरी सकाळी उघडते आणि संध्याकाळी उघडते, रोज त्याच वेळी, सणवार असो की पाऊस असो. आम्ही ठरवले की दूध घालून आली की किटली खाली ठेवण्यापूर्वी गोळी द्यायची. त्या मुलाच्या गोळ्यांचा हिशेब पुढे कधी चुकला नाही. हा तोडगा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नव्हता आणि माझ्या हुशारीचाही त्यात भाग नव्हता. ज्या जिल्ह्यात डेअरीच्या वेळेवर संसार चालतात, त्या जिल्ह्यातली मी होते, एवढेच. गावाचे घड्याळ ज्याला ठाऊक आहे, असा माणूस केंद्रात असणे हा उपचाराचाच एक भाग आहे.

दुसरे उदाहरण ऊसतोडीचे. दसरा झाला की मराठवाड्यातल्या टोळ्या आमच्या भागातल्या कारखान्यांच्या फडांवर उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जात. त्यांतल्या कोणाचे औषध गावाकडच्या केंद्रात चालू असे आणि तसे कागद बरोबर आणलेले नसत. मुकादमाला कळेल या भीतीने कित्येकांना रजा मागता येत नसे. अशा माणसाला 'बदलीचे पत्र घेऊन या' असे सांगून परत पाठवले, तर तो पुन्हा येत नाही. त्याच्या गावच्या केंद्राला दूरध्वनी करायचा, नोंद तपासायची, औषधांचा साठा सांभाळून त्याला गोळ्या द्यायच्या आणि फडावरून येता येईल असा दिवस ठरवून द्यायचा. या सगळ्याला लागतो एक तास आणि तो तास मोकळा असलेला एक माणूस. समोर शंभर जणांची रांग असताना तो तास कोठून आणायचा?

तुम्ही मराठी भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. समुपदेशकाचे खरे हत्यार भाषा हेच असते. 'तुम्ही पॉझिटिव्ह आहात' हे वाक्य ऐकून एक गृहस्थ आनंदाने हसले होते, कारण त्यांनी त्याचा अर्थ 'सगळे चांगले आहे' असा घेतला होता. त्यानंतर त्यांच्याशी बोलताना आम्ही 'तुमच्या रक्तात हा विषाणू सापडला आहे, पण त्यावर औषध आहे' असे सावकाश दोन भागांत सांगितले. सीडी-४ पेशींना आम्ही 'अंगातले शिपाई' म्हणत असू. 'एड्सचा पेशंट' हा शब्द केंद्रात वर्ज्य होता. शब्द बदलल्याने आजार बदलत नाही हे खरे, परंतु पुढच्या महिन्यात माणूस पुन्हा येईल की नाही हे पुष्कळदा शब्दावर ठरते. आणि शब्द बोलायला माणूस लागतो. भिंतीवरचे भित्तिपत्रक ते काम करीत नाही.

आमचे काळजी समन्वयक याची साक्ष होते. ते स्वतः कितीतरी वर्षे औषध घेत होते. जे रुग्ण तारखेला आले नाहीत त्यांची यादी रोज सायंकाळी त्यांच्या हाती जाई. दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने निघत. गावात कोणाला संशय येऊ नये म्हणून घरी न जाता ते बाजारात, देवळाच्या पारावर किंवा चहाच्या टपरीवर भेटत. 'औषधाने काही होत नाही' असे म्हणणाऱ्याला ते फार बोलत नसत. खिशातून स्वतःची हिरवी पुस्तिका काढून समोर ठेवीत. त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते माझ्या किंवा डॉक्टरांच्या शब्दाला कधी आले नाही, येणेही शक्य नव्हते. त्यांचा पगार केंद्रातल्या सर्वांत कमी पगारांपैकी होता.

एके वर्षी ते गेले. म्हणजे नोकरी सोडून गेले. मुलीचे शिक्षण सुरू होते आणि एका खासगी कारखान्यात रखवालदाराचे काम अधिक पगारावर मिळत होते. त्याच सुमारास आमच्या औषधनिर्मात्यानेही कायम नोकरी मिळाल्याने राजीनामा दिला. आम्ही सगळेच कराराने नेमलेले होतो. करार दरवर्षी नव्याने होई आणि नवा आदेश हाती येईपर्यंत घरचे हप्ते कसे भरायचे हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असे. रिकामी झालेली दोन्ही पदे कित्येक महिने भरली गेली नाहीत. परिचारिका औषधे देऊ लागली, तेव्हा तिचे वजन-तापमानाचे काम माझ्याकडे आले आणि माझ्या बोलण्याचा वेळ आटत गेला. रांग लांबली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून माणसे माझ्याकडे न येताच गोळ्या घेऊन जाऊ लागली. पुढे काही जण गोळ्यांनाही येईनासे झाले. अशांना आमच्या नोंदवहीत 'संपर्काबाहेर' म्हणत. तारखेला न आलेल्यांची यादी रोज सायंकाळी तयार होत राहिली, पण ती घेऊन निघणारा कोणी उरला नव्हता.

मित्रहो, मनुष्यबळाची टंचाई ही अशी असते. दार बंद झाल्याचे दिसत नाही, फलक जागेवर असतो, गोळ्या कपाटात असतात, अहवालात केंद्र 'कार्यरत' असते. कमी होते ते प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारे लक्ष. आणि मुक्कामाच्या आजारात लक्ष हीच मुख्य गोष्ट असते.

हे आमच्या एका केंद्रापुरते होते का? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ चा आपला वार्षिक अहवाल आरोग्य कर्मचाऱ्यांनाच वाहिलेला होता. डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांची गंभीर टंचाई असलेले ५७ देश त्यात दाखवले होते. जगातल्या आजारांच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझे आफ्रिका खंडावर आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तेथे केवळ ३ टक्के, असे ते चित्र होते. त्या टंचाईशी ज्यांनी डोळसपणे झुंज दिली त्यांत मलावी हा देश मला फार जवळचा वाटतो. त्याच्याविषयी मी केवळ वाचलेले आहे. तरीही ते वाचताना कोणी आमच्याच केंद्राविषयी लिहिले आहे असे वाटत राहिले. दोन्हीकडे एक धागा तर थेट होता. तेथे सुरुवातीच्या वर्षांत दिली जाणारी तीन औषधांची एकत्र गोळी आपल्या मुंबईच्या कंपनीचीच होती.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला लहानसा, शेतीवर जगणारा देश. २००४ च्या सुमारास तेथे एक लाख लोकांमागे जेमतेम दोन डॉक्टर होते. शिकलेल्या परिचारिका इंग्लंडला जात होत्या आणि राहिलेल्यांपैकी कित्येक याच आजाराने मरत होत्या. ज्यांनी गोळी द्यायची तेच हात थंड पडत होते. त्या वर्षी मलावी सरकारने मुख्यतः ब्रिटनच्या मदतीने सहा वर्षांचा एक तातडीचा मनुष्यबळ कार्यक्रम सुरू केला. अकरा संवर्गांतील कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घालण्यात आली, प्रशिक्षण संस्थांची क्षमता वाढवण्यात आली आणि मधल्या काळासाठी परदेशी डॉक्टर बोलावण्यात आले. २००४ मध्ये या संवर्गांत ५,४५३ कर्मचारी होते, ते २००९ पर्यंत ८,३६९ झाले. तरीही अनेक पदे रिकामीच राहिली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

केवळ संख्या वाढवून भागणार नाही हे मलावीने ओळखले होते. म्हणून कामाची वाटणी नव्याने करण्यात आली. डॉक्टरांनीच करावे असे मानलेले काम प्रशिक्षित वैद्यकीय सहायक व परिचारिका करू लागले आणि गावपातळीवरचे आरोग्य सहायक एचआयव्हीची चाचणी करू लागले. उपचाराची पद्धत मुद्दाम सोपी ठेवली गेली. बहुतेकांना एकच ठरावीक औषधसंच, सर्व देशात एकाच नमुन्याच्या नोंदवह्या, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक केंद्राला पर्यवेक्षकांची भेट. उत्तम काम करणाऱ्या केंद्राला प्रशस्तिपत्र मिळे. मोफत उपचार सुरू झाले तेव्हा औषध घेणारे काही हजार होते. २०१० च्या अखेरीस ही संख्या सुमारे अडीच लाखांवर गेली. २०११ मध्ये मलावीने आणखी एक धाडसी निर्णय घेतला. सीडी-४ पेशी मोजणारी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून तपासणीची वाट न पाहता प्रत्येक बाधित गर्भवती स्त्रीला आयुष्यभराचे औषध सुरू करावे असे ठरले. दोनच वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने हाच मार्ग इतर देशांपुढे ठेवला. टंचाईने शिकवलेला धडा जगाच्या उपयोगी पडला.

कामाची अशी वाटणी आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. तेथे गावोगावच्या, बहुतेक निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली आणि त्यामुळे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. या सर्व प्रयोगांत काही गोष्टी समान आहेत. निवडलेली व्यक्ती त्याच गावची होती. तिला एकदा शिकवून सोडून दिले नाही, शिकवणे सतत चालू राहिले. तिला न सुटणारा प्रश्न आला तर तो वर नेण्याचा रस्ता होता आणि त्या रस्त्याच्या टोकाला खरोखर कोणीतरी बसलेले होते.

यांतली एक जरी गोष्ट सुटली तरी कामाच्या वाटणीचे रूपांतर ओझे ढकलण्यात होते. डॉक्टर नाही म्हणून परिचारिका, परिचारिका नाही म्हणून आशा, आणि आशाला मात्र पगार नाही, मानधन. 'मानधन' हा शब्द मोठा सुरेख आहे. त्यात मान आधी येतो, धन नंतर. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही उशिराच येतात. स्वस्त आहे म्हणून जर आपण गावच्या स्त्रीकडे काम सोपवणार असू, तर ते जामखेडचे अनुकरण नव्हे. मलावीने काम खाली सोपवताना पगारही वाढवला होता, हे विसरून चालणार नाही.

मनुष्यबळ बळकट करणे याचा आणखी एक अर्थ आहे, तो मनातील भीतीशी संबंधित आहे. माझ्या उमेदीच्या वर्षांत बाधित रुग्णाच्या खाटेवर खूण केली जाई, त्याचे बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया या ना त्या कारणाने पुढे ढकलली जाई. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. हातमोजे अपुरे होते आणि सुई टोचली तर काय करायचे हे त्यांना कोणी नीट सांगितले नव्हते. प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच दक्षता घेतली तर वेगळी खूण करण्याची गरज उरत नाही, आणि सुई टोचल्यानंतर वेळेत औषध घेतल्यास बाधा टाळता येते, हे प्रशिक्षणातून पोहोचू लागले तशा खाटांवरच्या खुणा कमी झाल्या. २०१७ च्या कायद्याने असा भेदभाव बेकायदेशीर ठरवला. तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कायदा हवाच होता. परंतु घाबरलेल्या परिचारिकेला कायद्याचे कलम जितके धीर देते, त्याहून अधिक धीर हातमोज्यांची भरलेली पेटी आणि शंका विचारता येईल अशी वरिष्ठ व्यक्ती देते.

आज या क्षेत्रात अभिमानाने सांगावे असे पुष्कळ आहे. औषधाने विषाणू पुरता दबला तर जोडीदाराला होणारी लागण जवळजवळ थांबते, हे ज्या मोठ्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले, त्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही सहभागी होती. भारतात २०१७ पासून बाधा आढळताच, पेशी कमी होण्याची वाट न पाहता औषध सुरू केले जाते. करोनाच्या टाळेबंदीत अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रूढ झाली आणि तिने रुग्णांची पायपीट वाचवली. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. यातला 'जगत आहेत' हा शब्द त्या सर्व अनाम कर्मचाऱ्यांची कमाई आहे.

पण या यशाचाच एक अर्थ असा की काम वाढत राहणार. जो जगतो तो पुढच्या महिन्यातही येतो. त्याचे वय वाढते, त्याला मधुमेह होतो, रक्तदाब होतो. आजीबरोबर येणारा मुलगा मोठा होऊन लग्नाविषयी विचारू लागतो. त्याला उत्तर देणारा माणूस त्या खुर्चीवर असला पाहिजे, आणि शक्यतो तोच असला पाहिजे ज्याने त्याला लहानपणापासून पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक देशांत त्या निधीतून पगार मिळणारे समुपदेशक आणि परिचारिका एका रात्रीत बेकार झाले. काही ठिकाणी गोळ्या गोदामात होत्या आणि त्या पोहोचवणारे घरी बसले होते. परक्याच्या पैशावर उभे केलेले मनुष्यबळ किती ठिसूळ असते, ते त्या दिवसांत जगाला दिसले. आपल्या देशातला बहुतांश खर्च आपलेच सरकार करते, ही जमेची बाजू आहे. पण वर्षावर्षाच्या करारावर उभा राहिलेला माणूसही घट्ट पाय रोवू शकत नाही. आपल्या घरातली गोष्ट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्यांपैकी अनेक जण नोकरी-संसार सांभाळून शिकत असतात, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणी आशा असेल, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी ग्रामीण रुग्णालयात लिपिक किंवा परिचर असेल. या लेखात ज्या हातांविषयी लिहिले ते कदाचित तुमचेच हात असतील. तसे असेल तर तुमच्या कामाचे मोल तुम्हांला मी सांगण्याची गरज नाही. ते इतरांना सांगण्यासाठी मात्र तुमच्या हाती आता भाषा येते आहे, तिचा उपयोग करा. तुमच्या केंद्रात काय घडते ते साध्या, नेमक्या मराठीत लिहून ठेवा. अहवालातला 'कार्यरत' हा शब्द ज्या गोष्टी झाकून टाकतो, त्या उघड करण्याचे काम अशा लेखनानेच होते.

आणि जे या क्षेत्रात नाहीत, त्यांनीही पुढच्या वेळी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात गेल्यावर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. येथे मंजूर पदे किती? भरलेली किती? हे दोन प्रश्न विचारण्याची आपल्याला थोडीफार सवय झाली आहे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, म्हणून तो आग्रहाने विचारा: जी माणसे आज येथे काम करीत आहेत, ती किती वर्षांपासून आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यांना येथेच राहता यावे यासाठी काय केले आहे?